पोटॅशवर ठेवलेले स्फटिक

गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

क्षमा असावी. कुणाची मागते आहे ते ठाऊक नाही, कारण हे पान कुणी वाचणार नाही. तरीही आपण लिहायला बसणे हा मला आगाऊपणाच वाटतो. लिहितात ती माणसे निराळी. मी उत्तरपत्रिका लिहिते. त्या बऱ्या लिहिते, एवढेच.

पण आज स्फटिक आले, आणि ते कुणाला सांगावे हे सुचेना.

चंचुपात्राच्या तळाशी सकाळी दिसले. खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे, पण अधिक स्वच्छ. एकाखाली कागद धरला तर त्यावरची रेघ आरपार दिसते. हांडे सर माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचे मार्गदर्शक. ते खुर्चीवरून उठून आले, चष्मा कपाळावर सरकवला, वाकून पाहिले आणि म्हणाले, "आले की गं." एवढेच. पण नंतर त्यांनी स्वतः चहा सांगितला, आणि तीन सांगितले — एक त्यांचा, एक माझा, एक पुष्पाताईंचा.

पुष्पाताई आमच्या प्रयोगशाळेच्या मदतनीस. कंत्राटावर आहेत. त्यांनी काचेवरून डोकावून पाहिले. "एवढ्यासाठी महिनाभर मिठावर तेजाब वतत व्हता व्हय तुमी? मीठ ते मीठच ऱ्हायलं की."

मी हसले. खरे तर ते मीठ राहिलेले नाही, पण सांगायला तोंड उघडेना. येथे सांगते. क्षारामध्ये क्लोराइड आयन असतो, एकटा, ऋण प्रभाराचा. त्यावर कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू सोडला की त्या रेणूतला हायड्रोजन या एकट्या क्लोराइडकडेही ओढला जातो. दोन क्लोरीन, मध्ये एक हायड्रोजन. दोघेही त्याला धरून. फ्लोरीनच्या बाबतीत तो नेमका मध्यावर बसतो, आणि असा बळकट हायड्रोजन बंध दुसरा क्वचितच. क्लोरीनच्या बाबतीत मात्र तो कधी मध्यावर असतो, कधी एकाच्या बाजूला कललेला. शेजारी कोणता धन आयन आहे, त्यावर ते ठरते. आमच्या क्षारात तो कुठे बसला आहे, हे अजून आम्हाला माहीत नाही. तेच शोधायचे आहे.


शनिवार, २० सप्टेंबर

स्फटिक आज डेसिकेटरमध्ये गेले. डेसिकेटर म्हणजे जाड काचेचे, घट्ट झाकणाचे भांडे. तळाशी ओलावा शोषणारा पदार्थ, वर जाळीवर नमुना. तळाशी कॉस्टिक पोटॅशच्या गोळ्या सरांनी स्वतःच्या हाताने ओतल्या. "वाळवल्याशिवाय नमुना हा नमुना नसतो, ऋतिका. जुन्नरची हवा अजून ओली आहे." मग आतली हवा पंपाने ओढून घेतली, झाकणाला ग्रीस लावले आणि वर पाटी चिकटवली — उघडू नये.

सर मे महिन्यात निवृत्त होणार. म्हणाले, "हे जमलं तर माझा शेवटचा शोधनिबंध. पहिलं नाव तुझं."

माझे नाव पहिले. हे वाक्य मी दिवसभर कुणाला सांगितले नाही.


रविवार, २१ सप्टेंबर

डिंगोऱ्याला घरी. आबांनी विचारले, कालेजात काय करतीस ते सांग. शेळी दावणीला बांधताना त्यांनी विचारले, म्हणून सांगता आले; समोरासमोर बसून विचारले असते तर नसते आले.

सांगून झाल्यावर म्हणाले, "म्हंजी दोन धनी आन् एक मेंढरू. आसं मेंढरू कुणाचंच नसतंय बघ. बिबट्याचं आसतंय."

आई आतून म्हणाली, "पोरीला भिववू नका."

आबांनी मेंढ्या विकल्या तेव्हा मी सातवीत होते. पुढे बारावीनंतर माझे लग्न ठरत आले होते. हांडे सर एका रविवारी मोटारसायकलवरून आले, ओट्यावर बसून भाकरी खाल्ली आणि आबांना म्हणाले, हिला द्या आमच्याकडे. आबा म्हणाले, "तुमच्या शब्दावर पाठवतो." सर तेव्हा मला ओळखतही नव्हते, केवळ गुणपत्रक पाहून आले होते. त्या शब्दावर मी आज चार वर्षे शिकते आहे.


सोमवार, २९ सप्टेंबर

आज मी झाकण उघडले. उघडू नये अशी पाटी असताना.

कारण काही नाही. पाहावेसे वाटले. काचेतून नीट दिसत नव्हते. प्रयोगशाळेत कुणी नव्हते. तोटी सोडून हवा आत घेतली, झाकण बाजूला सरकवले, पाहिले, सरकवून बंद केले. अर्धा मिनिटही नसेल.

स्फटिक पांढरे झाले आहेत. अपारदर्शक, पिठूळ. पूर्णपणे वाळले असावेत. वासही आला नाही. मागे चंचुपात्रावर वाकले की नाकाला झोंबत असे.

वळले तर दारात पुष्पाताई, हातात बादली. पंप पुन्हा लावला तेव्हा हात थरथरत होते, हे त्यांनी पाहिले असावे.


बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. शेतकरी अवजारे पुजतो, तशी आमची अवजारे. पुष्पाताईंनी पहाटेच तराजू, ब्यूरेटी, पंप, वायूची टाकी सगळे पुसून टेबलावर मांडले. हळदकुंकू, झेंडूची फुले.

आदेश माझा वर्गबंधू. त्याला गप्प बसवत नाही. "ताई, त्या सेंट्रिफ्यूजला डबल निवद दाखवा. मार्चपासून उपाशी आहे राव."

"तुझ्या डोक्यावर पयलं फूल ठिवते. ते बी मार्चपास्नं बंदच हाय."

सरसुद्धा हसले.

डेसिकेटरच्या झाकणाला मूठ आहे. पुष्पाताईंनी त्या मुठीला बाहेरून कुंकू लावले आणि वर एक फूल ठेवले. फूल घरंगळले. त्यांनी ते पुन्हा ठेवले. मी शेजारीच उभी होते. झाकणाला त्यांनी दुसरा हातसुद्धा लावला नाही.


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

नमुना कुपीत भरून सरांनी पुण्याला पाठवला. क्ष-किरणांनी तपासणार. हायड्रोजन त्यात नीट दिसत नाही, पण दोन क्लोरीनमधले अंतर दिसते. ते अंतर नेहमीपेक्षा कमी निघाले, की मध्ये तो आहे आणि दोघांनीही धरलेला आहे हे कळते.


गुरुवार, ९ ऑक्टोबर

जे झाले ते क्रमाने लिहिते, म्हणजे निदान क्रम तरी राहील.

पुण्याहून उत्तर आले. नमुन्यात दुसरा क्लोरीन नाहीच. जो क्षार घेऊन आम्ही सुरुवात केली होती, तोच साधा क्षार. मधला हायड्रोजन नाही, त्याच्यासोबत आलेला क्लोरीन नाही. सगळे उडून गेले आहे.

सरांनी ते दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी चष्मा वर सरकवला नाही.

आदेश म्हणाला, "सर, खंडेनवमीला डेसिकेटरची पूजा झाली ना. झाकण उघडलं असंल कुणीतरी." तो सहज बोलला. त्याच्या मनात वाईट नव्हते.

सरांनी पुष्पाताईंना बोलावले. "पुष्पाताई, पूजेच्या दिवशी झाकण उघडलं होतं का?"

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले. मग सरांकडे.

"व्हय सर. मीच उघडलं. आत फूल ठिवावं म्हणलं."

"पाटी लावली होती मी."

"वाचता येतंय मला. चुकलं."

सर ओरडले नाहीत. कार्यालयात फोन करून म्हणाले, यांना प्रयोगशाळेत नको, ग्रंथालयात द्या. पण कंत्राटदाराच्या माणसाने ऐकले ते एवढेच, की तक्रार आली. चार वाजता येऊन तो म्हणाला, उद्यापासून येऊ नका.

त्या खोटे बोलत होत्या. मला ठाऊक होते. मी शेजारी उभी होते, आज आणि त्या दिवशीही. माझ्या तोंडून शब्द आला नाही. त्या का खोटे बोलल्या, हेही मी विचारले नाही. त्यांनी त्यांचा डबा उचलला, फडके नळाखाली धुऊन दोरीवर वाळत घातले आणि गेल्या.


शुक्रवार, १० ऑक्टोबर

फडके अजून दोरीवर आहे.


शनिवार, ११ ऑक्टोबर

आज कळले.

काल रात्री पुस्तक उघडले ते केवळ डोळ्यांना काम हवे म्हणून. वाचता वाचता थांबले. या क्षारातले हायड्रोजन क्लोराइड केवळ हायड्रोजन बंधाने धरलेले असते. बंध बळकट, पण ते सुटू शकते, थोडे थोडे. बंद बाटलीत सुटलेला वायू तिथेच राहतो आणि पुन्हा धरला जातो. परंतु बाजूला कॉस्टिक पोटॅश असेल तर? पोटॅश आम्लारी. सुटलेले आम्ल तो खाऊन टाकतो. मग आणखी सुटते, तेही खातो. शेवटी काही उरत नाही. त्यातून आम्ही हवाही ओढून घेतली होती.

आम्ही त्यांना वाळवत नव्हतो. त्यांच्यातून तेच काढून घेत होतो, ज्याच्यासाठी ते केले होते.

२९ तारखेला ते पांढरे पडलेले मी पाहिले होते. वास नव्हता. पूजेच्या आधी. मला तेव्हाच कळायला हवे होते, आणि कळले नाही तरी निदान बोलायला हवे होते.

पोटॅश सरांनी ओतला होता.

मूळ द्रावण फ्लास्कमध्ये बूच लावून ठेवलेले आहे, तळाशी थोडे स्वच्छ स्फटिक आहेत. त्यांचे दोन वाटे केले. एक पोटॅशसह बंद. त्याला मी हात लावणार नाही. दुसरा पोटॅशविना, साध्या बाटलीत; तिचे बूच रोज उघडायचे, अर्धा मिनिट तसेच ठेवायचे, पुन्हा लावायचे. पुष्पाताईंनी खरेच उघडले असते तर काय झाले असते, तेही कळेल. मी उघडले, त्याने काय झाले, तेही.


सोमवार, १३ ऑक्टोबर

सर आज माझ्या टेबलाशी आले. "खचू नकोस. पुन्हा करू." मग म्हणाले, "मी पुष्पाताईंशी जरा कडकच वागलो का गं?"

हाच तो क्षण होता. प्रश्न त्यांनीच विचारला होता. मला केवळ "हो" म्हणायचे होते आणि पुढचे आपोआप आले असते.

मी म्हणाले, "माहीत नाही, सर."

ज्यांनी ओट्यावर बसून भाकरी खाल्ली, त्यांना मी कसे सांगू की तुमच्याच हाताने झाले? त्यांचा शेवटचा शोधनिबंध. आबा म्हणाले होते, तुमच्या शब्दावर.

हे सगळे बरोबर आहे, पण पुष्पाताई घरी बसल्या आहेत. वाक्य कसेही बांधले तरी ते शेवटी तिथेच येऊन थांबते.


बुधवार, १५ ऑक्टोबर

पोटॅशजवळचे स्फटिक पांढरे झाले. रोज उघडलेल्या बाटलीतले किंचित ओलसर झाले आहेत, पण स्वच्छ आहेत.

दोन्ही वेगवेगळे पाण्यात विरघळवले. निळा लिटमस बुडवला. आठवीतला प्रयोग. पांढरे झालेल्यांच्या पाण्यात कागद निळाच राहिला. दुसऱ्यात बुडताक्षणी लाल.

म्हणजे पुष्पाताईंनी नाही. मीही नाही. कागद दोन्ही जपून ठेवले आहेत. आनंद व्हायला हवा होता. मी निर्दोष आहे हे कळून मला लाज वाटली.


गुरुवार, १६ ऑक्टोबर

कळंबला जाऊन आले. पुष्पाताई तिथे लेकीकडे आहेत, असे शिपायाने सांगितले. वृषालीची हायवेला पिठलंभाकरीची टपरी आहे. पुष्पाताई भाकरी थापत होत्या. मला पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

"आलीस व्हय. बस. ए वृषाले, हिला ताट वाढ. वाळली बघ कशी."

मी ताट घेतले. काय बोलावे ते बसमध्ये पाठ केले होते, ते गेले. मी म्हणाले, "पुष्पाताई, तुम्ही झाकण उघडलं नव्हतं. तुम्ही खोटं का बोललात?"

"हळू बोल. गिऱ्हाईक हाय." भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, "आगं, तू उघडलं व्हतंस. मी दारातच व्हते. हात कसे कापत व्हते तुझे. म्हणलं, सर इचारतील, ही पोर येक शबुद बोलायची न्हाई, आन् तुझं शिक्षाण बसंल. माझं काय? झाडू कुठंबी हाय, भाकरी कुठंबी हाय."

मी म्हणाले, "पण ते माझ्यामुळे झालंच नाही. मी करून पाहिलं. अर्धा मिनिट उघडल्यानं काही होत नाही."

"मंग कुणामुळं झालं?"

"तळाशी पोटॅश होता, त्याच्यामुळे. तो सरांनी घातला होता. त्यांच्या लक्षात आलं नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले. रस्त्यावरून एक कंटेनर गेला, पण ते ऐकू गेले.

पुष्पाताईंनी तव्यावरची भाकरी उलटली नाही. "मंग सरांना सांगितलंस का?"

"नाही."

"कवा कळलं तुला?"

"शनिवारी."

वृषालीने पुढे होऊन भाकरी उलटली. ती करपली होती. पुष्पाताई माझ्याकडे पाहत राहिल्या. रागाने नाही, रागाने पाहिले असते तर बरे झाले असते.

"म्हंजी तू चुकली न्हवतीस," त्या म्हणाल्या, "मंग मी कुणासाठी खोटं बोलले गं?"

वृषाली म्हणाली, "आये, जाऊ दे. जेवतीय ती."

"जेवू दे की. मी कुठं ताट काढून घेतीय." आणि मग, दुसरा गोळा हातात घेत, "हुशार पोरगी. समद्या कालेजात पयली."

त्यांनी ते टोचून म्हटले नाही. त्या खरोखरच तसे समजतात. निघताना पैसे घेतले नाहीत. करपलेली भाकरी त्यांनी स्वतःच्या ताटात ओढली होती, ते मी बसमध्ये बसल्यावर लक्षात आले.


शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दोन्ही लिटमसचे कागद सरांच्या टेबलावर ठेवले आणि सांगितले. उभी राहून, खाली पाहून, पण सगळे.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "अमाइनवर उमेदीची वर्षं गेली माझी. अमाइन म्हणजे आम्लारीच, ते वाळवायला पोटॅशच लागतो. हात सवयीनं गेला." मग, "मला आधी का नाही सांगितलंस? मी रागावेन असं वाटलं?"

"नाही सर. तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं."

"वाटलंच की," सर म्हणाले. "मग? मला वाईट वाटल्यानं काय बिघडणार होतं, ऋतिका?"



त्यांनी स्वतःची खुर्ची दिली. "प्राचार्यांना लिही. माझी चूक पहिल्या ओळीत." मी लिहिले. त्याखाली माझे गप्प राहणेही लिहिले. ते सरांनी खोडायला सांगितले, मी खोडले नाही. कार्यालयातून कळले, पुष्पाताईंच्या जागी सोमवारीच दुसरी बाई रुजू झाली आहे. सोमवारी सरांनी मला विचारले होते.

ईमेल पाठवला : शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे.